गणेशगीतांची पारख : पेणच्या कारखान्यांतील अनुभव

नव्या अल्बममधले सर्वांत चांगले गाणे कोणते आणि शब्द कोणत्या गाण्याचे सरस, यावर रसिकांचे वाद सगळीकडे रंगतात. रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात असा वाद कामाच्या जागी रंगतो. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. पावसाळ्यात गणपतीची नवी गाणी निघतात, तेव्हा या कारखान्यांत रंगकाम ऐन भरात असते आणि ती गाणी तिथे दिवसभर वाजत राहतात. गाणे ज्या देवावर लिहिले त्याच देवाची मूर्ती ऐकणाऱ्याच्या समोर असते. आठ-दहा तास बसून काम करायचे असल्याने तेच गाणे पुन्हा पुन्हा कानावर पडते. म्हणून इथल्या कारागिरांनी गाण्याविषयी दिलेले मत घाईचे नसते. या कामाच्या अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. चालीचा निकाल पहिल्याच दिवशी लागतो, शब्दांचा लागायला महिना जातो. आणि पुढे टिकायचे ते गाणे शब्दांवर टिकते.

पेणच्या मूर्तिकलेला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे आणि देवधर घराण्याचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. सुरुवातीच्या घरगुती कामाचा पुढे व्यवसाय झाला आणि आज पेणच्या मूर्ती मुंबई-पुण्याबरोबर परदेशातही जातात. कारखान्याचे काम जवळपास वर्षभर चालते. साच्यातून मूर्ती काढणे, सांधे बुजवणे आणि पॉलिश पेपरने घासून ती गुळगुळीत करणे ही कामे आधी होतात. कच्च्या मूर्ती विकत घेऊन रंगवणारे वेगळे असतात, त्यांच्याकडे माल उन्हाळ्यातच जातो. पावसाळा लागला की रंगकामाला जोर येतो. पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर आणि शेला, सोनेरी दागिने आणि शेवटी डोळ्यांची आखणी असा क्रम असतो. अलीकडे त्यात खडे चिकटवण्याच्या कामाची भर पडली आहे. घासकाम आणि खडेकामात बायकांचा मोठा वाटा असतो. आखणी मात्र कारखान्यातला सर्वांत मुरलेला हातच करतो, कारण डोळ्याची रेघ हलली तर मूर्तीचा भाव बदलतो.

या कामात हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात. म्हणून कारखान्यात गाणे पूर्वीपासून आहे. आधी आकाशवाणी होती. केंद्र जे लावील ते ऐकायचे, आवडलेले गाणे पुन्हा कधी लागेल याची वाट पाहायची. 1980च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि गाणे पुन्हा लावणे हातात आले. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपायची. बाजू उलटायला कोणीतरी उठायचे आणि त्या मिनिटभरात मतांची देवाणघेवाण व्हायची. आधीचेच पुन्हा लाव, की दुसरी बाजू घाल, यावरून कोणाला काय आवडले ते उघड व्हायचे. नंतर सीडी आली, पेनड्राइव्ह आला, आणि आता मोबाइलला जोडलेला स्पीकर असतो. बाजू उलटण्याची गरज संपली, तरी वाद संपलेला नाही. मोबाइल ज्याचा त्याची निवड चालते, त्यामुळे मोबाइल कोणाचा जोडायचा इथूनच आता चर्चेला तोंड फुटते.

गणेशगीतांच्या अल्बमची बांधणी बहुतेक ठरलेली असते. सुरुवातीला वंदनेचे गाणे, मग आगमनाचे, एखादे अष्टविनायकांचे किंवा एखाद्या देवस्थानाचे, एक-दोन नाचाची, एखादे आईच्या मायेने बाळगणेशाला आळवणारे आणि शेवटी विसर्जनाचे किंवा आरती. ज्या गाण्यावर निर्मात्याची भिस्त असते ते आरंभी ठेवतात. कारखान्यातला अनुभव असा, की पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी हेच आरंभीचे गाणे असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मधले कुठले तरी, कोणी फारसे न बोललेले गाणे वर येऊ लागते. कोणी ते गुणगुणतो, शेजारचा त्याला साथ देतो, आणि मग ते लावण्याची फर्माईश होते.

कोणते गाणे चांगले, याचे उत्तर हातातल्या कामावरही अवलंबून असते. घासकाम करणाऱ्यांना ठेका लागतो. हात एका लयीत फिरत असतो, त्यामुळे ढोलताशाचे किंवा बाल्या नाचाच्या वळणाचे गाणे त्यांना पसंत पडते. खडे चिकटवणाऱ्यांची नजर बारीक कामात असते, पण मन मोकळे असते. त्यांना गोष्ट सांगणारी गाणी आवडतात: पार्वतीने मळापासून बाळ घडवल्याची, चंद्र हसल्याची, उंदराची आणि मोदकाची. आखणी करणाऱ्याला ढोल नको असतो. डोळ्याची रेघ ओढताना तो श्वास धरतो, आणि त्या वेळी लावलेले गाणे संथ, कमी वाद्यांचे असावे लागते. एकाच अल्बममधली तीन गाणी तीन पाटांवर पहिली ठरतात ती यामुळे. बाहेरच्याला हा निव्वळ मतभेद वाटतो, पण प्रत्येक जण आपल्या कामाला साथ देणारे गाणे निवडत असतो.

हा भेद लक्षात घेऊनही सर्वांचे एकमत होते अशी गाणी असतात, आणि ते एकमत शब्दांवर होते. नव्या गाण्याची पहिली हवा ओसरल्यावर कारखान्यात काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. तरुण पोरगा आठवडाभर एकच गाणे लावतो. आखणीला बसलेले काका काही बोलत नाहीत. एके दिवशी ब्रश पाण्यात बुडवताना ते म्हणतात, ‘‘ढोलकी चांगली हाय, पन गनपती दिसत नाय.’’ पोरगा म्हणतो, ‘‘काका, जरा ऐकून त घ्या.’’ काका उत्तर देत नाहीत, समोरच्या मूर्तीकडे बोट दाखवतात. सोंडेचे वळण, एका बाजूचा तुटका दात, कानाची पाळी, पायाशी उंदीर हे सगळे त्यांनी रोज हाताने केलेले असते. गाण्यात मात्र ‘बाप्पा’, ‘जल्लोष’, ‘गुलाल’ एवढेच शब्द फिरत असतात. अशा गाण्यात कोणत्याही देवाचे नाव घातले तरी चालेल, हा त्यांचा मुद्दा. त्यांना गाण्यातही डोळे आखलेला गणपती हवा असतो.

या मुद्द्यात शब्दांच्या पारखेचा पहिला निकष आहे. गाण्यात वर्णन नेमके असावे. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकर यांनी चाल दिलेली आणि लता मंगेशकर यांनी गायिलेली गणेशगीते पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांत टिकली आहेत. त्यांत देवाचे रूप आणि हालचाल डोळ्यांपुढे उभी राहते. मूर्ती घडवणाऱ्या माणसाला ते वर्णन ताडून पाहता येते. चाल अवघड असली, सामान्य गळ्याला वरचे स्वर झेपत नसले, तरी त्या गाण्यांचे स्थान हलत नाही.

दुसरा निकष आपलेपणाचा आहे. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘अष्टविनायक’ हा चित्रपट 1979मध्ये आला. त्यातले आठ देवस्थानांचे गाणे जगदीश खेबुडकर यांनी लिहिले आणि अनिल-अरुण यांनी त्याला संगीत दिले. आठ कडव्यांतून आठ गणपतींचे दर्शन घडवणारी त्याची रचना आहे. रायगड जिल्ह्यात पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक हे दोन अष्टविनायक आहेत, त्यामुळे इथल्या श्रोत्याचे कान त्या दोन कडव्यांपाशी टवकारतात. आपल्या देवाचे कडवे कसे उतरले आहे, दुसऱ्या देवस्थानांच्या तुलनेत त्याला न्याय मिळाला आहे का, यावर हिरिरीने बोलले जाते. एवढे मोठे गाणे कडव्यागणिक चाल आणि ठेका बदलत जाते, म्हणून लांबी जाणवत नाही, हेही लोक आपणहून सांगतात. संगीतकाराने कौशल्याने केलेली रचना ऐकणाऱ्याला शास्त्र न शिकताही कळते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरा निकष आवाजाचा, आणि तो शब्दांपासून वेगळा करता येत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा खुला, पहाडी आवाज कारखान्यातल्या कंप्रेसरच्या आणि पावसाच्या आवाजावरही ऐकू येतो. त्यांचा उच्चार ठसठशीत आहे. प्रत्येक शब्द सुटा कळतो. नव्या अल्बममध्ये वाद्यमेळ इतका दाट असतो, की दोन-दोन शब्द एकमेकांत मिसळून जातात. महिनाभर ऐकूनही एखाद्या ओळीतले शब्द नेमके कोणते, यावर कारखान्यात दोन तट पडतात. अशा वेळी दोष कवीला दिला जातो, खरे तर तो ध्वनिमुद्रणाचा असतो. जुन्या कारागिरांना हा फरक कळतो, कारण त्यांनी अनेक वर्षे कमी वाद्यांची गाणी ऐकलेली असतात.

शब्दांविषयीच्या वादात काही वेळा गाण्याचा अर्थच नव्याने उलगडतो. श्रीधर फडके यांनी स्वरबद्ध केलेले आणि सुरेश वाडकर यांनी गायिलेले ‘ओंकार स्वरूपा’ गणेशोत्सवात सर्वत्र वाजते. सगळे त्याला गणपतीचे गाणे म्हणतात. ते संत एकनाथांचे आहे आणि लक्ष देऊन ऐकले तर त्यात सद्गुरूला वंदन आहे. शेवटी एकनाथांच्या नाममुद्रेत त्यांचे गुरू जनार्दनस्वामी येतात. हे एखाद्याने सांगितले की कारखान्यात पहिल्यांदा नकार मिळतो, मग गाणे पुन्हा लावले जाते आणि सगळे निमूटपणे ऐकतात. त्यानंतर दोन मते होतात. एक म्हणते, गुरूचे गाणे गणपतीत लावणे बरोबर नाही. दुसरे म्हणते, ओंकार हेच गणपतीचे रूप आहे, ज्ञानेश्वरीची सुरुवातही ओंकाररूप गणेशाच्या वंदनाने होते, मग विरोध कसला? दुसरी बाजू सहसा वरचढ ठरते. पण या चर्चेनंतर ते गाणे ऐकणारा माणूस आधीपेक्षा अधिक जाणतेपणाने ऐकतो, आणि वादाचा खरा लाभ हाच आहे.

आरतीच्या बाबतीतही असेच घडते. समर्थ रामदासांची म्हणून प्रसिद्ध असलेली गणपतीची आरती सगळ्यांना पाठ असते, पण तिच्यात कमरेला नाग बांधल्याचे जे वर्णन आहे ते अनेक घरांत नुसते वंदन समजून म्हटले जाते. मूर्तीच्या पोटावर नागाचा वेढा रंगवणाऱ्या माणसाला ही चूक पटकन पटते. त्याच्या हाताला तो नाग माहीत असतो.

कवीचे नाव हा या सगळ्यातला दुखरा विषय आहे. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर गीतकार, संगीतकार, वादक यांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असायची आणि काही कॅसेटमध्ये पूर्ण गाणीही असायची. कारखान्यातल्या चिकित्सक माणसाच्या खिशात असा कागद सापडायचा आणि वाद मिटवायला त्याचा उपयोग व्हायचा. पेनड्राइव्हवर गाणी उतरवून घ्यायची पद्धत आली आणि तो कागद गेला. गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. शांताराम नांदगावकर, जगदीश खेबुडकर, शांता शेळके यांची गाणी रोज ऐकणाऱ्या तरुणांना ही नावे ठाऊक नसतात. शब्दांवर तासभर भांडायचे आणि ते शब्द कोणाचे हे मात्र कोणालाच सांगता यायचे नाही, अशी वेळ येते. यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही. त्यांना नाव विचारायची इच्छा असते. ते नाव त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे गाणे विकणाऱ्याचे काम आहे.

मूर्ती कारखान्यातून निघतात आणि त्यांच्यामागोमाग गाणीही गावोगाव जातात. कोकणात गणपतीच्या दिवसांत घरोघरी भजने होतात, आणि नव्या अल्बमची दुसरी परीक्षा तिथे होते. आता गाणे लावायचे नसते, म्हणायचे असते. भजनी मंडळाचे बुवा पेटीवर चाल काढून पाहतात. मूळ गायकाची पट्टी आपल्या गळ्याला झेपत नसेल तर ती खाली आणतात. मागे झील धरणाऱ्यांना ध्रुवपद एकदा ऐकून म्हणता आले पाहिजे. कडव्याच्या शेवटी पखवाजाला आणि टाळांना जागा मिळाली पाहिजे, समेवर शब्द नीट पडला पाहिजे. ध्वनिमुद्रणात भव्य वाटणारी कितीतरी गाणी इथे आडवी होतात, कारण त्यांचे सगळे बळ वाद्यांत असते. याउलट मोजक्या शब्दांचे, सरळ यमकाचे गाणे पेटी-पखवाजावर उभे राहते आणि मंडळाच्या वहीत त्याला जागा मिळते. वहीत हाताने लिहून घेतले जाणे हा गाण्याचा मोठा मान आहे. लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द विचारात घ्यावा लागतो, आणि अडलेला शब्द त्या वेळी लक्षात येतो.

शब्दांची परीक्षा म्हणणाऱ्याच्या तोंडी होते, या विचाराला पेण तालुक्यात मोठा आधार आहे. तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. 11 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचा तिथे जन्म झाला आणि बालपण आजोबा शंभूराव भावे यांच्या घरी गेले. घरच्या गणपतीची आठवण विनोबांनी सांगितली आहे. मुले चंदन उगाळत आणि त्या गंधातून आजोबा मूर्ती घडवत. मूर्ती करायची, मनोभावे पुजायची आणि विसर्जन करायचे, हे त्यांनी लहानपणी हाताने केलेले काम होते.

पुढे बडोद्याला असताना आई रुक्मिणीबाईंना गीता मराठीत वाचायची इच्छा झाली. मिळालेला मराठी अनुवाद त्यांना जड वाटला आणि तूच का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलाला विचारले. आईचे 1918मध्ये निधन झाले. विनोबांनी 7 ऑक्टोबर 1930 रोजी वर्ध्यात ‘गीताई’ लिहायला घेतली आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी पूर्ण केली. 1932मध्ये ती धुळ्यात छापली गेली. लिहून झाल्यावर त्यांनी ती आश्रमातल्या वर्गात शिकवून पाहिली. वर्गात लहान मुली होत्या. त्यांना जिथे अडले, त्या जागा टिपून घेतल्या आणि शब्द बदलले. संस्कृताचा एवढा मोठा जाणकार आपल्या ओळीचा निकाल लहान मुलींच्या तोंडून घेतो, हे प्रत्येक गीतकाराने ध्यानात घ्यावे असे आहे. गीता तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे आणि गणेशगीत उत्सवाचे गाणे आहे, पण दोन्ही समुदायाने म्हणायचे असते. म्हणताना जीभ अडखळली, तर आशय कितीही थोर असो, तो लोकांपर्यंत पोहोचत नाही.

रसिकांना शब्दांवर बोलायला वेळ मिळाला की रसग्रहण कसे खोल होते, याचा दाखला मराठीतच आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ 1 एप्रिल 1955पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. आठवड्याला एक नवे गाणे या क्रमाने 56 गाणी झाली. पुढचे गाणे येईपर्यंत श्रोत्यांकडे आधीच्या गाण्यावर विचार करायला सबंध आठवडा असे. आजचा अल्बम एकदम हातात पडतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा येतो. अशा गर्दीत प्रत्येक गाण्याला सवड देणारी जागा दुर्मीळ झाली आहे. मूर्तीचा कारखाना अशी एक जागा आहे. तिथे ऐकणे कामाला जोडलेले असल्याने घाई नसते.

या अनुभवातून गाणी करणाऱ्यांनी घ्यावे असे बरेच आहे. सणाला चार दिवस राहिले असताना आलेल्या अल्बमची फक्त चाल लोकांपर्यंत पोहोचते. आषाढात आलेल्या अल्बमचे शब्द ऐकले जातात, पाठ होतात आणि मंडळांच्या वह्यांत जातात. वाद्ये शब्दांवर स्वार झाली तर गाणे नाचापुरते राहते. देवाचे रूप, त्याच्या कथा, त्याचे गाव यांपैकी काहीतरी नेमके गाण्यात असेल तर ते माणसाला धरून ठेवते. गीतकाराचे नाव गाण्यासोबत दिले तर ऐकणारा त्याच कवीचे दुसरे गाणे शोधतो.

रसिकांनाही यातून एक पद्धत मिळते. नव्या अल्बमवर मत देण्याआधी गाणे कामात ऐकावे, मग वाद्यांशिवाय स्वतः म्हणून पाहावे आणि शेवटी शब्द लिहून काढावेत. या तीन पायऱ्यांवर जे गाणे उतरते, त्याच्याविषयी सहसा वाद उरत नाही. पेणच्या कारखान्यांत हा निकाल दरवर्षी आपोआप लागतो. विसर्जनानंतर काही काळ गाणी थांबतात, दिवाळीनंतर नव्या हंगामाचे साचे मांडले जातात आणि कोणीतरी गेल्या वर्षीचे एखादे गाणे लावायला सांगते. दहा गाण्यांच्या अल्बममधून अशा रीतीने मागितले जाणारे गाणे एखादेच असते, आणि त्या वर्षीचे उत्तम गाणे तेच.